मागे बसणारे डॉक्टर

"तुमच्यात काय म्हणतात?"

हा प्रश्न आमचे डॉक्टर फार हळू विचारायचे. आमची सरकारी अँब्युलन्स पाथरीत उभी असायची. पुढे मी ड्रायव्हर, मागे पेशंटजवळ ते. पेशंट हातचा जातोय असं दिसलं की सलाइन, ऑक्सिजन, छाती दाबणं हे सगळं चालू असतानाच ते नातेवाइकाला एवढं विचारून घ्यायचे. शेवटच्या वेळी तुम्ही कोणाचं नाव घेता? कोणी राम सांगायचं, कोणी विठ्ठल. मग हे पेशंटच्या कानाशी वाकून तेच नाव घेत राहायचे. मुसलमान घर असलं तर मुलाला पुढे ओढायचे. "तू म्हण. त्यांना ऐकू जातंय."

स्वतः ते ख्रिस्ती, जालन्याचे. आमच्या गल्लीत एक खोली घेऊन एकटेच राहायचे. तुमच्याआमच्यासारखाच मीही संशयी माणूस. हा मरणाऱ्याच्या कानात नेमकं काय घालतो, हे बघायला मी पहिले दोन महिने मधल्या काचेकडे कान देऊन होतो. आता सांगायला लाज वाटते.

एकदा पालमकडचा एक म्हातारा मेंढपाळ आमच्या भागात कळप घेऊन आला आणि उन्हानं रानातच कोसळला. मुलाला मेंढरं सोडून गाडीत बसता येईना. डॉक्टरांनी त्याला विचारलं, "तुमच्यात काय म्हणतात?"

"आमच्यात? मल्हारीचं नाव घ्या की, साहेब," तो डोळे पुसत म्हणाला.

झालं. दवाखाना येईपर्यंत मागून आपलं एकच, "यळकोट यळकोट जय मल्हार!" दवाखान्याच्या फाटकात म्हाताऱ्यानं डोळे उघडले आणि यांच्याकडे टक लावून विचारलं, "डॉक्टर, तुमी आमच्यातलेच का?"

"हो बाबा, तुमच्यातलाच."

पंधरा दिवसांनी म्हातारा घोंगडं घेऊन हजर. घोंगडं दिलं आणि मलाच कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "सायबाचं लगीन झालंय का? भाचीसाठी पोरगा बघायलोय. लय गुणाची हाय." चाळिशी ओलांडलेले आमचे डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. पुढे महिनाभर मी त्यांना "पोरीचे मामा कधी यायलेत?" असं विचारून छळत होतो.

त्याच दिवसांत मी धीर करून विचारलं, "साहेब, दुसऱ्याच्या देवाचं नाव घेता, तुमचा देव रागवत नाही का?"

ते म्हणाले, "माझा प्रभू क्रुसावर गेला ना भाऊ, तेव्हा त्याची माणसं पळून गेली होती. देवानंही टाकलं म्हणून तो ओरडला. एकटं जाणं काय असतं, ते त्याला माहीत आहे. माझ्या गाडीतून कोणी तसं जाऊ नये, एवढंच मी बघतो. वाचवणं दर वेळी आपल्या हातात नसतं."

एकटेपण त्यांनाही चांगलंच ठाऊक होतं. रविवारी ड्युटी नेमकी यायचीच. मग उभ्या गाडीत ते बायबल उघडून हळू आवाजात गीत म्हणायचे आणि मला बोलावून घ्यायचे. "बस इथं. दोघं-तिघं जमले की तो येतो, असं त्यानं सांगून ठेवलंय. दोघं तरी लागतात." मी बसायचो. मला त्यातलं काही कळायचं नाही, मी शेंगा खात असायचो. पण मी नसलो की ते गीत म्हणत नाहीत, पुस्तक नुसतं मांडीवर ठेवून बसतात, हे मला पलीकडच्या मेडिकलवाल्यानं सांगितलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात एका पेशंटला जालन्याला सोडून परत येत होतो. देवगाव फाट्यावर चहाला थांबलो. डॉक्टरांनी कप तसाच खाली ठेवला आणि जबडा दाबून धरला. अंगाला दरदरून घाम. "भाऊ, हे हार्टचं आहे. सेलूला घे." स्वतःच मागे चढले, स्वतःच गोळी जिभेखाली ठेवली, मास्कही स्वतःच लावला. मी दार लावलं आणि गाडी पळवली.

हॉटेलात दहा-बारा माणसं बसलेली होती. एकाला हाक मारली असती तर कोणीही मागे येऊन बसला असता. मला ते सुचलंच नाही. मागे डॉक्टर आहेत, याचीच इतक्या वर्षांची सवय.

आरशात दिसत होतं, त्यांचे ओठ हलत होते. सायरनमुळे शब्द येईनात. मी ओरडलो, "साहेब, आलं सेलू!" अजून काही म्हणावं म्हटलं तर तोंडात शब्द नव्हता. त्यांच्यात काय म्हणतात, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. गाडी थांबवून मागे जावं असं दोनदा मनात आलं. थांबलो तर माणूस हातचा जाईल, म्हणून दामटत राहिलो. सेलूच्या दवाखान्यात दार उघडलं तेव्हा मास्क जागच्या जागी होता आणि ते गेलेले होते.

माती द्यायला जालन्याला गेलो. चर्चमधली माणसं पांगल्यावर त्यांच्या म्हाताऱ्या आईनं मला जवळ बोलावलं.

"लेकरा, शेवटी त्याच्याजवळ कोन व्हतं?"

"मी होतो, आई."

"हात धरला व्हतास त्याचा?"

"धरला होता."

तिनं माझे दोन्ही हात उचलले आणि आपल्या डोळ्यांना लावले. मी ते काढूनही घेऊ शकलो नाही. त्या हातांनी मी फाट्यापासून सेलूपर्यंत फक्त स्टिअरिंग धरलं होतं.