दूध-पोळीच्या चार नोंदी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही. ज्या मैत्रिणीला माझं सगळं माहीत आहे असं तिला वाटतं, तिलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि वाचताना माझ्याकडे पाहणार नाही — एवढीच हिंमत आहे माझी.

मी विशेष शिक्षिका आहे. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीकडच्या गावांमध्ये, जी मुलं शाळेत बसू शकत नाहीत त्यांच्या घरी जाऊन शिकवते. लोक मॅडम म्हणतात. चहा देतात, खुर्ची पुसून देतात. ते मला आवडतं — हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं त्या आवडीतूनच झालं.

रिया तेव्हा सहा वर्षांची होती. स्वमग्न. बोलत नव्हती. हाक मारली तर पाहायची नाही, पण भिंतीवरची पाल हलली की लगेच कळायचं तिला. तिची आई शालू, वडील धानाची शेती करणारे. आमच्याकडे घरोघरी दोन्ही वेळा भात, आणि या मुलीला भात चालायचा नाही. शीत बोटाला चिकटलं तरी हात झटकत किंचाळायची. ती खायची दूध-पोळी. कुस्करलेली, कोमट, एकाच स्टीलच्या वाटीत. बाकी केळं, मुरमुरे, कधी उकडलेला आलू. शालू फक्त तिच्यासाठी रोज दोन पोळ्या लाटायची.

गहू आणि दूध बंद करायचं खूळ शालूच्या डोक्यात कोणी घातलं? मी.

मोबाईलवर व्हिडिओ पाहिले होते मी. कुठल्या कुठल्या आया रडत सांगत होत्या — पोळी बंद केली, दूध बंद केलं आणि लेकरू बोलायला लागलं. तालुक्याच्या प्रशिक्षणात मी उभी राहून तेच बोलले. टाळ्या पडल्या. त्यानंतर जिथे जाईन तिथे तेच सांगत सुटले. शालूलाही सांगितलं.

पण शालू हुशार बाई. ती म्हणाली, "मॅडमजी, हे पोट्टी दुसरं काईच नाई खात. पोळी बंद केली तं जगन कशावर? डॉक्टरले विचारून पाहू."

चंद्रपूरला बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. मी सोबत होते. तिला गहू सोसतो का हे पाहायला त्यांनी रक्त तपासलं, ते ठीक आलं. मग नीट समजावून सांगितलं — या आजारात सगळ्यांचंच दूध-पोळी बंद करावं असं काही सिद्ध झालेलं नाही. एखाद्या मुलाला खरंच त्रास असतो, पण तो अंदाजाने ठरवायचा नाही. सहा आठवडे दोन्ही बंद ठेवा, तिच्या पोटाकडे आणि वजनाकडे लक्ष ठेवा. मग दोन आठवडे पुन्हा सुरू करा. आणि दोन्ही वेळचं कोणीतरी बाहेरच्या माणसाने पाहून लिहा. आईला मुलीत जे पाहायचं असतं तेच दिसतं, म्हणाले. म्हणून घरचं कोणी नको. मॅडम लिहितील.

मॅडम लिहितील. किती विश्वासाने म्हणाले ते.

सहा आठवडे मी जात राहिले. रिया रडायची, रिकामी वाटी जमिनीवर आपटायची. मग रडणं थांबलं. शालू म्हणाली, "शांत झाली ना जी?" मी हो म्हणाले. ती शांत झाली होती की नुसती मलूल झाली होती? मला फरक कळत होता. हेच काम शिकले आहे मी. तरी कागदावर लिहिलं — शांत.

मग दूध-पोळी परत सुरू करायचे दोन आठवडे आले. मी चार वेळा जायचं होतं. गेले एकदा. रस्त्यावर वाघ दिसला म्हणून गावकरी संध्याकाळी लवकर घरात जात होते, हे खरं. पण माझी एसटी सकाळची होती. मला कंटाळा आला होता, बस.

त्या एका दिवशी काय पाहिलं ते ऐका. शालूने वाटी समोर ठेवली. रियाने आधी वास घेतला. मग दोन्ही हातांनी खाल्लं, वाटीत तोंड घालून, दूध हनुवटीवरून फ्रॉकवर ओघळत होतं. खाऊन झाल्यावर ती उठली, माझ्याकडे आली आणि तिने ओला, चिकट हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. माझ्या डोळ्यांत पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा. पोट दुखलं नाही, चिडचिड नाही, काही नाही.

आणि मला काय वाटलं? आनंद? नाही — साडीला डाग पडला असं वाटलं. आणि दुसरं वाटलं, की आता मी खोटी ठरणार.

घरी येऊन दुपारी पंख्याखाली बसून मी चारही दिवसांचे तक्ते भरले. वेगवेगळी दोन पेनं वापरली, एका बैठकीत लिहिलंय असं दिसू नये म्हणून. चिडचिड वाढली. शौचास पातळ. स्वतःला चावते. आणि ज्या दिवशी तिने माझ्याकडे पाहिलं त्या दिवसाच्या रकान्यात — नजर देत नाही.

डॉक्टरांनी वाचलं. शालूला रिया बरी वाटली होती, पण आईला हवं तेच दिसतं हे तिने त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं, आणि तक्त्यात काय आहे ते मी तिला दाखवलं नव्हतं. त्यांनी भरवसा ठेवला, दुसरं काय करणार? म्हणाले, मग बंदच ठेवा, पण बदल्यात अंडी, नाचणी, डाळ काहीतरी खायला शिकवा आणि दर महिन्याला दाखवा. ते शिकवणं माझं काम होतं. चार-सहा वेळा प्रयत्न केला, मग सोडून दिला. दर महिन्याला चंद्रपूरला जाणं शालूला जमेना. मी आठवणही करून दिली नाही.

दुसऱ्या वर्षी गावात एका घरी तेरवी होती, तेराव्या दिवसाचं जेवण. मी शालूकडेच बसले होते आणि रिया दिसेना. शोधत त्या घराच्या मागे गेलो. उष्ट्या पत्रावळींचा ढीग होता, दोन कुत्री होती, माश्या घोंगावत होत्या. रिया त्या ढिगात बसली होती. वरणात भिजलेले, कोणीतरी चावून टाकलेले पोळीचे तुकडे शोधून शोधून खात होती. भाताला हात लावत नव्हती. कुत्रं गुरगुरलं तरी हटत नव्हती.

शालूने तिला ओढलं. "थुक, रिया, थुक म्हणतो ना तुले," म्हणत तिच्या तोंडात बोट घातलं. रियाने दात आवळले. मग शालूने तिला मारलं. त्याआधी कधी मारलं नव्हतं, हे मला माहीत आहे. आणि मी काय केलं? मी रियाची दोन्ही मनगटं धरली. घट्ट. आईला घास काढता यावा म्हणून.

ती मनगटं केवढी झाली होती, सांगू? माझा अंगठा आणि बोट जुळून वर उरत होतं.

तोंडातून निघालेला तो लगदा शालूच्या तळहातावर होता. लाळ, वरण, थोडं रक्त.    शालू पदराने हात पुसत म्हणाली, "बरं झालं मॅडमजी, तुम्ही होत्या. मी एकटी काय करतो?" आणि मी म्हणाले, "निघालं ना सगळं? मग झालं."

मग झालं. हे शब्द मीच बोलले.

चार महिन्यांनी रिया ओट्यावरून पडली. हातभर उंचीचा ओटा, पण हाताचं हाड मोडलं. नातेवाईक गडचिरोलीत होते म्हणून तिकडे नेलं. मीही गेले. तिथल्या डॉक्टर बाईंनी तिचं वजन केलं, काटा पाहिला, पुन्हा वजन केलं. हाडं ठिसूळ झाली आहेत, म्हणाल्या. काय खाते विचारलं. मग चंद्रपूरची जुनी फाईल उघडून माझे तक्ते वाचत बसल्या. किती वेळ वाचत होत्या.

"या नोंदी कोणी घेतल्या?"

खोलीत आम्ही तिघीच होतो, आणि प्लास्टर घातलेली रिया. सांगता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं — मी घेतल्या, आणि खोट्या घेतल्या. मी म्हणाले, "आई सांगायची, मी लिहून घ्यायचे."

शालूने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. आपण असं काही सांगितलंच नव्हतं हे तिला आठवत होतं की नाही, मी सांगू शकत नाही. मग ती डॉक्टरांना म्हणाली, "हो जी. माह्याच काई चुकलं असन."

डॉक्टर तिच्यावर रागावल्या. आई असून एवढं कळत नाही का, म्हणाल्या. ती मान खाली घालून ऐकत होती, आणि मी बाजूच्या स्टुलावर बसून तिच्यासोबत मान हलवत होते — जणू मीही तिला तेच सांगून थकले होते.

दूध-पोळी परत सुरू झाली. रिया आता अंगाने भरली आहे. बोलत नाही. हात किंचित वाकडा राहिला. माझ्याकडे तेव्हापासून दुसरी गावं आहेत. अजून खुर्ची पुसून मिळते.

त्या दिवशी डॉक्टरांनी घरच्यांना समजावं म्हणून कार्डावर मराठीत लिहिलं — आईने दिलेल्या चुकीच्या माहितीमुळे आहार बंद. ते कार्ड शालूच्या घरात, रियाच्या कागदांच्या पिशवीत आहे. शालू दहावी झालेली आहे. तिला वाचता येतं.