सत्त्याऐंशीवे पान

दिनांक १२ ऑक्टोबर २०२४, शनिवार. इंडोनेशियातील सालातिगा येथील एका वस्तीच्या सभागृहात लेखिका वुर्यानी यांनी स्वतःच्या पुस्तकाच्या चोरट्या प्रतींवर, त्या चोरट्या आहेत हे समोर दिसत असताना, हसतमुखाने सह्या केल्या. त्यांच्यावर कुणीही जबरदस्ती केली नव्हती. तक्रार नोंदवताना ही गोष्ट आधी लिहिणे भाग आहे.

इकडे बाईंना आदराने 'बू' म्हणतात. बू वुर्यानी शाळेत जीवशास्त्र शिकवत. त्यांची आई पाठीला टोपली बांधून दारोदार काढे विकत असे. आई गेल्यावर बू वुर्यानींनी डोंगराकडच्या म्हाताऱ्या सुइणींच्या पडवीत बसून काढ्यांची कृती उतरवून घेण्यास आरंभ केला, आणि त्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवले. एकाने सुचवले की लेखक म्हणून एखाद्या डॉक्टरांचे नाव घालावे, बाईंचे नाव आत कुठेतरी आभारात येईल. बू वुर्यानींनी ते बाड उचलले आणि पुस्तक स्वतःच छापण्याचे ठरवले.

पाने त्यांनी घरीच जुळवली. छापखान्यात उभे राहून शाई तपासली. मग मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवून दुकानोदुकानी फिरल्या. दुकानदार पुस्तके ठेवून घेत आणि उन्हाने मुखपृष्ठे पिवळी पडली की परत करीत. ओळखीचे लोक भेटले की म्हणत, "एक प्रत द्या ना बू, मैत्रीखातर. सही विसरू नका हं." मैत्रीखातर गेलेल्या प्रतींचा ढीग विकल्या गेलेल्या प्रतींपेक्षा मोठा होता. चुलतभावाने तर सांगितले, "एवढा कागद खर्ची घालण्यापेक्षा एक म्हैस घेतली असतीस, निदान दूध तरी दिलं असतं."

एका गोष्टीवर मात्र त्या अडून राहिल्या होत्या. बाळंतिणीचा काढा शहाऐंशीव्या पानावर होता. समोरच्या सत्त्याऐंशीव्या पानावर चौकट आखून इशारा छापला होता: हा काढा बाळंतपणानंतरच द्यावा, गर्भवतीला थेंबभरही देऊ नये, याने गर्भाशय आकसते. छापखान्याचा मालक म्हणाला होता, एवढे अख्खे पान एका सूचनेसाठी कशाला वाया घालवता? त्यांनी ऐकले नाही.

त्या शनिवारी वस्तीच्या महिला मंडळाने पुस्तकावर चर्चा ठेवली होती. चटया अंथरल्या होत्या, प्रत्येकीपुढे खाऊचा कागदी डबा आणि गोड चहा होता. स्वतःच्या पुस्तकासाठी इतक्या बायका जमलेल्या पाहून बू वुर्यानींनी चटईवरची डोकी दोनदा मोजली. मंडळाच्या प्रमुख बू एंदारवाती यांनी भाषण केले आणि शेवटी अभिमानाने सांगितले:

"आम्ही सगळ्यांनी पुस्तक आधीच घेतलंय, बू. फोनवरच्या बाजारात फार स्वस्त मिळालं. तुमच्याकडे मागायला आलो असतो तर तुम्ही पैसेच घेतले नसते, मग आम्हालाच अवघडल्यासारखं झालं असतं."

साऱ्याजणींनी माना डोलावल्या. कुणाच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, आणि सर्वांत भयंकर तेच होते. बू वुर्यानींच्या हाती पहिली प्रत आली. कागद पातळ, मुखपृष्ठ एका बाजूला कललेले, अक्षरे धूर लागल्यासारखी. ही प्रत त्यांच्या छापखान्यातली नव्हती, कुणीतरी परस्पर छापलेली होती. पण भरल्या सभेत यजमानणीला खोटे पाडायचे? आपल्याकडे असे कुणी करत नाही. बोलायचे असेल ते मागाहून, एकांतात, तेही आडवळणाने. त्यांनी पेन उघडले आणि सही केली. एकीनंतर दुसरी आली, दुसरीनंतर तिसरी. प्रत्येकीचे नाव विचारून, खाली शुभेच्छा लिहून त्या प्रती परत देत राहिल्या.

रांगेच्या शेवटाकडे पलीकडच्या गल्लीतल्या बू रुमिनी होत्या. त्यांच्या प्रतीवर 'घरातल्या सर्वांना आरोग्य लाभो' असे लिहून झाले. बू रुमिनी हात जोडून म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकाचा फार उपयोग झाला बू. शहाऐंशीव्या पानावरचा काढा मी सुनेला सोमवारपासून देतेय."

"बाळंत होऊन किती दिवस झाले?"

"अजून कुठे? सातवा लागलाय. आधीपासून घेतलेला बरा, म्हटलं. कालपासून पोटात कळा येतात म्हणते. मी म्हटलं, लागू पडतंय औषध."

बू वुर्यानींनी त्यांच्या हातून पुस्तक ओढून घेतले. शहाऐंशीवे पान. त्यासमोर एकोणनव्वदावे. मधला कागदच नव्हता. चोराच्या यंत्रातून दोन कागद एकत्र सरकले असावेत, आणि कुणी वळून पाहिले नव्हते. बाईंनी दुसरी प्रत उघडली, तिसरी उघडली. साऱ्या तशाच. त्या प्रत्येकीवर त्यांची सही होती, शाई अजून वाळायची होती.

"तिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं," त्या म्हणाल्या. बू एंदारवातींनी आभाराचे दोन शब्द तरी होऊ द्या असे सुचवले. बू वुर्यानी त्यांना ओलांडून, चटईवरचे डबे तुडवत बाहेर पडल्या. बू रुमिनींना मागे बसवून त्यांनी मोटारसायकल पलीकडच्या गल्लीकडे हाणली, आणि तिथून सुनेला गाडीत घालून दवाखान्यात नेले.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने काय घेतले म्हणून विचारले, तेव्हा बू रुमिनींनी पुस्तक पुढे केले. त्याने पान वाचले, मग पहिले पान उघडले.

"ही सही कुणाची?"

"माझी," बू वुर्यानी म्हणाल्या.

"म्हणजे हे पुस्तक तुमच्या संमतीचं आहे."



कळा थांबवण्यात आल्या आहेत. मूल अजून पोटात आहे, सून अंथरुणाला खिळून आहे, आणि पुढे काय होईल ते डॉक्टर सांगत नाहीत. बू वुर्यानींनी उरलेल्या बायकांच्या दारोदार जाऊन प्रती परत मागितल्या. काहींनी दिल्या. एक रागावून म्हणाली, सही केलेली वस्तू कुणी परत मागतं का? फोनवरच्या बाजाराकडे तक्रार केली, तेव्हा ते दुकान बंद झाले आणि दुसऱ्याच दिवशी तेच पुस्तक तेवढ्याच किमतीला वेगळ्या नावाच्या दुकानात दिसू लागले. किती घरांत ते पोचले आहे, हे कुणालाच ठाऊक नाही.

म्हणून वाचकांकडे एवढीच मागणी आहे. हे पुस्तक तुमच्या घरी असेल तर ते आत्ता उघडा. शहाऐंशीव्या पानासमोर सत्त्याऐंशीवे नसेल, तर आत लेखिकेची सही असली तरी त्यातला कोणताही काढा कुणालाही देऊ नका, आणि ती प्रत तिच्या दारात आणून टाका.