बाराव्या रांगेतली टाळी

ती टाळी आमच्या ह्यांची होती. हे मला कळायला एकेचाळीस वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा मी ती माझ्याच हातानं भंगारात घालून बसले होते. सगळं सांगते, पण मध्ये बोलू नका. मला मध्ये बोललेलं खपत नाही. मी मात्र जन्मभर दुसऱ्यांच्या मध्ये बोलत आले.

हे म्हणजे माझा नवरा. बाजारात त्यांना सगळे काटेवाले म्हणायचे, कारण ते दुकानदारांचे तराजू दुरुस्त करायचे. आमच्या पुढच्या खोलीतच काम चालायचं. खिडकीपाशी लांब टेबल, त्यावर पितळेची पारडी, दांड्या, आणि मखमल लावलेल्या डबीत ओळीनं मांडलेली वजनं. त्या वजनांना बोट लावायची सोय नव्हती, चिमट्यानं उचलायची. बोटाचा घाम लागला तरी वजन खोटं होतं म्हणे. तराजू नीट झाला की नाही हे बघायला ते एका पारड्यात कागदाचा कपटा टाकायचे आणि सुई हलून परत थांबेपर्यंत श्वास धरून बसायचे. तेवढ्यात मी मागून काही बोलले की नुसता हात वर. थांब, सुई ठरू दे. माझा अर्धा संसार त्या वर केलेल्या हातासमोर झाला.

असा माणूस. बोलणं मोजकं, जेवण मोजकं, हसणं तर त्याहून मोजकं. मी अगदी उलटी. माझ्या जिभेला हाड नाही हे माझ्या आईनं लग्नाच्या आधीच त्यांच्या कानावर घातलं होतं, तरी त्यांनी होकार दिला. आता भोगा म्हणावं.

वेड एकच होतं, गाण्याचं. त्यातही त्या एका बाईंच्या गाण्याचं. बाई फार मोठ्या गायिका, लांबलांबून लोक ऐकायला यायचे. मला त्या आवडायच्या नाहीत, सरळ सांगते. तो खालचा, जड आवाज लागला की घरात कुणीतरी आजारी असल्यासारखं वाटायचं. हे मात्र रेडिओवर बाई लागल्या की हातातली कानस खाली ठेवायचे.

लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा बाईंचा कार्यक्रम आमच्या इथल्या सभागृहात ठरला. हे उजाडायच्या आत रांगेत उभे राहिले आणि दोन तिकिटं घेऊन आले. बारावी रांग, कडेच्या दोन खुर्च्या. दोन आणली, हे लक्षात ठेवा. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच आमचं वाजलं. कारण ऐकाल तर हसाल. मी नुकत्याच धुवून वाळत घातलेल्या चादरीला त्यांनी पितळेच्या भुकटीचा हात पुसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी ते कपडे करून दारात उभे राहिले. म्हणाले, "चल ना." मी म्हटलं, "जा एकटे. मला नाही ऐकायचं तुमचं ते रडगाणं." त्यांनी दोन्ही तिकिटं खिशात घातली आणि गेले.

परत आले तेव्हा मी आतूनच विचारलं, "झालं का रडगाणं?"

"झालं," म्हणाले. मग मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिले. मला वाटलं, आली अक्कल चादरीवरून.

त्यानंतर सहा महिन्यांत बाई गेल्या. आमच्या इथला तो कार्यक्रम त्यांचा शेवटचा ठरला. तो ध्वनिमुद्रित झाला होता, त्याची रेकॉर्ड निघाली आणि घरोघर गेली. ह्यांनीही आणली. तिच्या अगदी शेवटी, बाई सूर हळूहळू उतरवत नेतात, इतका खाली की तो कधी संपला ते कळत नाही, आणि मग सगळं सभागृह गप्प होतं. त्या शांततेसाठी म्हणे लोक ती रेकॉर्ड घ्यायचे. आणि त्याच शांततेत, सूर संपतो न संपतो तोच, एक टाळी. एकच. टाप! दुसरी वाजतच नाही. कुणाची तरी खुर्ची करकरते. मग दोनतीन क्षण काही नाही, आणि मग सगळ्यांच्या टाळ्यांचा गडगडाट.

आमच्या शेजारी एक मास्तर राहायचे. गाण्यातलं आपल्यालाच कळतं असं त्यांना वाटायचं, आणि खरं सांगायचं तर कळायचंही. ते त्या टाळीवर जे खवळायचे! "या गाढवानं मैफल मोडली," म्हणायचे. "बाई अजून एक गाणार होत्या. साथीदार वाद्य परत जुळवायला घेणारच होता. त्या टाळीनं त्यांचा सूर तुटला आणि त्या उठल्या. त्या उठल्या त्या पुन्हा कधी गायला बसल्या नाहीत. शेवटचं गाणं त्या माणसानं जगाच्या तोंडातून काढून घेतलं!" दरवर्षी बाईंच्या स्मृतिदिनी रेडिओवर तो कार्यक्रम लागायचा, मास्तर आमच्याकडे ऐकायला यायचे, आणि दरवर्षी त्या टाळीशी येऊन हेच बोलायचे.

आणि हे काय म्हणायचे माहीत आहे? "गाढवच, दुसरं काय," एवढं म्हणून कानस हातात घ्यायचे.

माझं काय विचारता! मला तर फुकटचं खेळणं मिळालं होतं. त्या टाळीची नक्कल माझ्यासारखी कुणालाच जमायची नाही. सूर उतरायला लागला की मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची, आणि रेकॉर्डवरच्या टाळीबरोबर बरोब्बर टाप! मास्तरसुद्धा हसून लोळायचे. पुढे घरात तो शब्दच पडून गेला. मुलानं ताट वाढायच्या आधी घास उचलला की, "काय रे, टाळीवाला झालास का?" ह्यांनी चहा निवायच्या आत तोंडाला लावला, "टाळीवाले!" तेही हसायचे. मोजकं.

मुलाला शाळेत पहिलं बक्षीस मिळालं तेव्हाची गोष्ट. सगळा हॉल टाळ्या वाजवतोय, मुलगा स्टेजवरून आमच्याकडे बघतोय, आणि हे दोन्ही हात खिशात घालून उभे. घरी आल्यावर मी त्यांची जी खरडपट्टी काढली! "स्वतःच्या पोरासाठी दोन हात एकत्र येत नाहीत तुमचे? काळीज आहे की शेरभराचं वजन?"  मुलाच्या लग्नातही तेच, कुणाच्या निरोपसमारंभातही तेच. माणूस म्हणून कोरडा, असं मी चार लोकांत सांगत फिरले. कार्यक्रमांना जाणंही त्यांनी सोडलं होतं. मास्तर तिकिटं घेऊन आले तर म्हणायचे, "काम आहे." पुढे विजेचे काटे आले, आकडे दाखवणारे, आणि काम उरलं नाही. तरी म्हणायचे काम आहे. रिकाम्या टेबलापाशी बसून तीच डबी पुसत राहायचे.

मग छातीचं दुखणं निघालं. आधी जिने चढवेनात, मग चालवेना. डॉक्टरांनी सांगितलं, घरीच ठेवा, त्रास देऊ नका. म्हणजे काय ते आम्ही समजलो. पुढच्या खोलीतलं टेबल हलवून तिथे पलंग आणला, शेजारी प्राणवायूचं यंत्र. जागा पुरेना म्हणून जुना रेकॉर्डप्लेअर आणि रेकॉर्डचं खोकं मी भंगारवाल्याला द्यायला काढलं.

"ती पण?" ह्यांनी पडल्या पडल्या विचारलं.

"मुलगा नवीन घेऊन येतोय," मी म्हटलं. "तेच गाणं, नव्या यंत्रावर. हे धूळ खाणारं कशाला?"

ते खिडकीतून बघत राहिले. भंगारवाला खोकं ताणकाट्याला लावून वजन करत होता. थोड्या वेळानं म्हणाले, "त्याचा काटा खोटा आहे." रेकॉर्डबद्दल अक्षर नाही, काट्याबद्दल बोलले. मी म्हटलं, असू दे हो, कुठे सोनं विकतोय!

आठवड्यानं मुलगा आला. त्यानं हातात मावेल एवढं यंत्र उशाशी ठेवलं आणि मोठ्या कौतुकानं म्हणाला, "बाबा, कंपनीनं सगळं साफ करून काढलंय. खोकले, खरखर, काही नाही. ऐका."

दुपारची वेळ होती. हे डोळे मिटून ऐकत होते, आणि चेहरा इतका शांत की मला बरं वाटलं. शेवट आला. सूर उतरत उतरत गेला. मी सवयीनं दारात येऊन उभी राहिले होते, हात वर झाले होते. पण शांतता आली, ती तशीच राहिली, आणि मग एकदम टाळ्यांचा गडगडाट. मुलगा हसला. "बघा, तो गाढव काढून टाकलाय!"

ह्यांनी डोळे उघडले. "परत लाव," म्हणाले. परत लावलं. "परत." तिसऱ्यांदा लावलं तेव्हा ते कोपरावर उठायला बघत होते, धाप लागली होती. मी धावले. माझा हात धरून म्हणाले, "अगं, माझी टाळी कुठे गेली?"

मला आधी वाटलं, भ्रम झाला. "कसली टाळी हो?"

"माझी. बाराव्या रांगेतली." ते परत उशीवर पडले. एकेका शब्दाला श्वास घेत बोलत होते. "मला राहवलं नाही गं. हात आपोआप गेले. बाईंनी वळून बघितलं माझ्याकडे. आणि उठल्या."

 जन्मभर सुई ठरायची वाट बघणारा माणूस. त्याला आयुष्यात एकदा राहवलं नाही, आणि तेवढंच जगानं पकडून ठेवलं. आणि मी मेली त्या टाळीवर चाळीस वर्षं हशा पिकवत होते, त्यांच्याच घरात, त्यांच्याच समोर!

"सांगायचं नाही का मला!" मी ओरडले. आजारी माणसावर ओरडले, काय करू, तेच येतं मला.

"तू हसायचीस," ते म्हणाले. रागानं नाही. वजन सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाले, "शेजारची खुर्ची रिकामी होती. तू असतीस तर हात धरला असतास. मी जरा काही केलं की तू धरतेस."

 मुलगा तोंड फिरवून फोनवर जुनी आवृत्ती शोधायला लागला. कुठेच सापडेना, सगळीकडे साफ केलेलीच चढवलेली. तो धावत मास्तरांकडे गेला. मास्तर आता पंच्याऐंशीचे, त्यांच्याकडे रेडिओवरून भरून घेतलेली कॅसेट होती. ती लावली तर फीत आतच गुंडाळली गेली. भंगारवाल्याकडे गेला, तर तो म्हणाला, तो माल त्याच दिवशी गेला. मुलगा हात हलवत परत आला आणि पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला.

"चुकीची होती," हे वर बघत म्हणाले. "पण मी होतो ना तिथे."

मी मुलाला म्हटलं, "लाव शेवट."

"आई, आता कशाला?"

"लाव म्हटलं ना!"

त्यानं लावलं. मी उशापाशी बसले. सूर खाली खाली जायला लागला. शांतता आली आणि मी टाळी वाजवली. टाप.

"उशीर झाला," डोळे मिटूनच म्हणाले.

परत लावलं. या खेपेला घाई झाली, सुरावरच पडली. "आधी झाली."  चाळीस वर्षं चुकली नव्हती ती वेळ. तेव्हा हसत वाजवत होते ना. तिसऱ्यांदा मी डोळे मिटले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची तशी मनानं उभी राहिले. सूर गेला. टाप.

"हां," ते म्हणाले. "हीच."

पुढचा गडगडाट सुरू व्हायच्या आत मुलानं बोट दाबून सगळं बंद केलं. खोलीत प्राणवायूच्या यंत्राची घरघर तेवढी राहिली.

"अगं," त्यांनी विचारलं, "बाई उठल्या का?"

मी त्या सभागृहात कधी पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. त्यांचा हात मी घट्ट धरला.

"नाही हो," मी म्हटलं. "बसल्यायत अजून. पुढचं सुरू करतायत."

त्यांनी दुसरा हात चादरीवरून जरासा वर केला. थांब, बोलू नकोस.

मी गप्प बसले.