ताकातला पसरू

डॉक्टरीणबाईंनी मला खिडकीशी उभं केलं आणि खालची पापणी ओढून पाहिली. "जॉन्डिस है," त्या म्हणाल्या. जॉन्डिस म्हणजे कावीळ. मला हसूच आलं, कारण आठ दिवस मी हा थकवा ऑफिसच्या नावावर खपवत होते. आमच्या तेलुगू राज्याचे दोन तुकडे व्हायचे ते दिवस. आमच्या सरकारी कार्यालयात फायलींचे दोन ढीग लागत होते, इकडचे आणि तिकडचे, आणि नोकरीत सगळ्यात नवी म्हणून गठ्ठे बांधायला मीच.

रक्त तपासलं. सीरम बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला पिवळा रंग, आठ निघालं. एकाच्या आत हवं. कारण हेपटायटिस ए, दूषित पाण्यातून येणारा व्हायरस. "आपोआप जाईल. आराम करा. स्वतःच्या मनाने कुठलं औषध घेऊ नका," असं बाईंनी बजावलं.

तारनाक्याच्या आमच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये मात्र कावीळ म्हटलं की गौलीगुडा मोहल्ल्यातला पसरू, यावर तेलुगू, मराठी, मुसलमान सगळ्यांचं एकमत. पसरू म्हणजे पाल्याचा रस. अडचण एकच होती: माझे वडील, अण्णा. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी घरातले गंडेदोरे, ताईत सगळे विहिरीत टाकले, ही गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली होती की आम्हाला पाठ होती. ते ड्यूटीवर गेले आणि मी नि आई भाजी आणायला म्हणून निघालो.

औषध देणाऱ्या म्हातारीला सगळे बीअम्मा म्हणत. तिने परातीवर माझे हात धरले, चुन्याचं पाणी ओतत, काही पुटपुटत चोळले. पाणी पिवळंजर्द झालं. हाताला काही सालींचा रस लावलेला असला की चुन्याचं पाणी तसंही पिवळं पडतं, हे मी नंतर वाचलं. पण खरं सांगते, मला फार बरं वाटलं. त्या सगळ्या दिवसांत इतका वेळ माझे हात कुणी हातात घेतले नव्हते. मग तिने हिरव्या रसाची बाटली दिली. "तीन फजर, खाली पेट. बस," ती म्हणाली. तीन सकाळी, उपाशीपोटी.

आईला तीन पुरेनात. ती गुपचूप पुन्हा गेली आणि जावेला कावीळ झाली म्हणून दुसरी बाटली आणली, नंतर तिसरी. माझ्या काकूला आजतागायत कावीळ झालेली नाही.

दुसऱ्या आठवड्यात मला उलट्या सुरू झाल्या, बसल्याबसल्या झापड यायला लागली. त्या दिवशी बंद होता. अण्णांनी गल्लीबोळांतून रिक्षा काढत मला दवाखान्यात नेलं. बिलिरुबिन एकोणीस. भरती करून घेताना तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "पसरू पिए क्या? कोई देसी दवा?" मी तोंड उघडायच्या आत अण्णाच म्हणाले, "हमारे घर में ये सब नहीं चलता, डॉक्टर साब." किती अभिमानाने म्हणाले. मीही नाही म्हणून मान हलवली.

आणि आई रोज सकाळी घरून पेज आणि ताक आणत राहिली. ताकात पसरू होता. मी पीत राहिले.

चौथ्या दिवशी आयएनआर वाढला. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते यावरून कळतं. वाढला की लिव्हर दमलं समजायचं. डॉक्टर अण्णांशी दाराबाहेर बोलत होते. ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याच्या लिव्हरचा तुकडा बसवणं, हा शब्द मी ऐकला. लगेच अण्णांचा आवाज आला, "मेरा ले लो. आज ही टेस्ट करो."

माझ्या खोट्यापायी हा माणूस स्वतःचं पोट चिरून घ्यायला निघाला होता. मी हाका मारून दोघांना आत बोलावलं आणि सांगून टाकलं.

"कब तक पिए?" डॉक्टरांनी विचारलं.

"आज सुबह तक."

ते रागावले नाहीत. उशाशी बसलेल्या आईच्या हातून ताकाचा थर्मास काढून घेतला आणि म्हणाले, "उसमें क्या-क्या है, मालूम करो." आई पदरात तोंड घालून रडायला लागली. अण्णा निघून गेले.

गेले ते थेट गौलीगुड्याला. ताईत-दोऱ्याची सावली न घेणारा माझा बाप बीअम्माच्या उंबऱ्यावर बसून, कागदावर झाडपाल्याची यादी उतरवून घेऊन आला. तिने त्यांनाच फैलावर घेतलं होतं: "मैं तीन फजर बोली थी. इत्ते दिन कायकू पिलाए बच्ची को?"

यादी डॉक्टरांना देऊन ते माझ्या पायाशी बसले. म्हणाले, "मरणापेक्षा मला जास्त भेलीस होय?"

खरंच होतं ते.

पसरू बंद झाल्यावर तिसऱ्या दिवशी आयएनआर उतरला, मग बिलिरुबिन. ट्रान्सप्लांटचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. पसरूनेच सगळं झालं असं छातीठोक सांगता येत नाही, हा व्हायरसही कधी असा वागतो, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर पहिल्यांदा भूक लागली तेव्हा मी तीन भाकरी खाल्ल्या, आणि आई बघत बसली.

तुमच्या घरात कावीळ आली तर कुणाकडे जाल, ते मी कोण सांगणार? बीअम्माचा मला राग नाही. तिचं जरी ऐकलं असतं तरी निभावलं असतं. पण काय घेतलंत ते डॉक्टरांना सांगा. आणि आजाऱ्याजवळ बसणाऱ्यांनो, तुमच्यादेखत त्याला सांगता येतंय का, तेवढं बघा.

अण्णा आता रिटायर झालेत. आमच्यापैकी कुणालाही दवाखान्यात न्यायचं तर पुढे तेच असतात. डॉक्टर प्रश्न विचारायला लागले की चप्पल शोधतात, "मी बाहेर आहे, सगळं सांग," म्हणतात आणि जाताना दार लावून घेतात.