बाईंना ओळखणारं माणूस

जयमाला मोरे आगरदांड्याच्या धक्क्यावर उतरल्या आणि आपण कशासाठी आलो हेच त्यांना आठवेना. पिशवीत छत्री, पाण्याची बाटली आणि चष्म्याचं घर, एवढंच. तासभर बाकावर बसून त्या बोटीने दिघीला परतल्या, तिथून एसटीने श्रीवर्धनला. घरी विचारणारं कोणी नव्हतं, म्हणून सांगावंही लागलं नाही.

चौतीस वर्षं त्यांनी शाळेत शिकवलं. लग्न केलं नाही. धाकट्या भावाला शिकवून मार्गी लावलं. तो जाऊन सहा वर्षं झाली. त्याची मुलगी दीक्षा कॅनडात. रविवारी तिचा फोन येई. "आत्या, बरी आहेस ना?" "बरी आहे." आगरदांड्याचं त्या रविवारीही सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात गावात मुंबईच्या संशोधकांचं शिबिर लागलं. विसराळूपणाच्या आजाराची रक्ततपासणी. बाई पहिल्याच दिवशी गेल्या. श्रद्धा नावाच्या मुलीने नखाएवढी काच दाखवली. "हिच्यावर सोन्याचा अगदी पातळ थर आहे, बाई. मेंदू बिघडायला लागला की काही प्रथिनं रक्तात वाढतात. ती इथे चिकटली की परत येणारा प्रकाश किंचित बदलतो. तेवढा बदल यंत्र पकडतं. पण अजून हे प्रयोगापुरतंच आहे."

"मला निकाल हवा," बाई म्हणाल्या.

"कळवू. सोबत कोण आलंय? तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या माणसालाही प्रश्न विचारायचे असतात."

"यंत्राला लागतं का ते माणूस?"

"यंत्राला नाही. फॉर्मला लागतं."

ती जागा बाईंनी कोरी ठेवली.

निकालात आजाराची खूण दिसली. बाई मांडव्याहून बोटीने मुंबईच्या इस्पितळात एकट्याच गेल्या. तिथल्या तपासण्यांतही तेच निघालं: सुरुवात आहे. डॉक्टरांनी विचारलं, "हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं?"

"माझ्याच."

डॉक्टरांनीही जवळच्या माणसाचा तसाच फॉर्म पुढे केला. "हा मात्र भरून आणा."

शेजारच्या सुपारीच्या वाडीतल्या अंबिका एकतीस वर्षांपासूनच्या शेजारीण. कुंपणावरून 'कशा आहात' एवढंच काय ते बोलणं. मुंबईहून परतल्यावर बाई पहिल्यांदा त्यांच्या पडवीत बसल्या आणि सगळं सांगितलं. अंबिकांनी हातातली सुपारी खाली ठेवली, चष्मा लावला आणि प्रश्न वाचायला घेतले. पूर्वीपेक्षा चिडचिड वाढली आहे का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी सोडल्या आहेत का?

तिसऱ्या प्रश्नाला त्या थांबल्या. "बाई, रागावू नका हां. तुम्ही पूर्वी कशा होतात, तेच मला ठाऊक न्हाय."

बाई रागावल्या नाहीत. अकरा प्रश्नांपुढे 'माहीत नाही' लिहिलेला तो फॉर्म त्यांनी घडी करून पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पुन्हा पडवीत आल्या. "सहा महिन्यांनी डॉक्टर परत हेच विचारणार आहेत," त्या म्हणाल्या. "तोवर मी रोज थोडं थोडं सांगते. मला काय आवडतं, कशाचा राग येतो. तुम्ही लक्षात ठेवा."

अंबिकांनी पाट सरकवला. बाई बसल्या, पण सुरुवात कुठून करायची, ते त्यांना बराच वेळ सुचलं नाही.