बिराच्या पुढे कुणीतरी पाहिजे

शर्यतीत पहिल्याला मेडल मिळतं, दुसऱ्या-तिसऱ्याला सर्टिफिकेट मिळतं आणि शेवटच्याला किस्से मिळतात. पुढे पळणाऱ्याला काय दिसतं? रस्ता. शेवटच्याला मात्र सगळं दिसतं. कोण लंगडतंय, कोण रडकुंडीला आलंय, कुणाच्या चड्डीची नाडी सुटलीय. शिरूरच्या आमच्या कॉलेजच्या लांब पल्ल्याच्या टीममध्ये मी तीन वर्षं शेवटचा होतो, त्यामुळे माझ्याकडे माल भरपूर. मेडल एकही नाही. त्याचं वाईट वाटत नाही, कारण मेडलवाले अजूनही माझ्या दुकानात चहाला येतात आणि "दत्ता, ते सांग की" म्हणून माझ्याच मागे लागतात.

*

आमचे जिमखान्याचे माने सर. पोट सुटलेलं, गळ्यात शिट्टी आणि आवाज असा, की ग्राउंडवर हाक मारली तर बाजारातली माणसं ओ देत. कॉलेजची टीम भरायची होती आणि एक मुलगा कमी पडत होता.

मी मांडवगण फराट्याहून एसटीने ये-जा करायचो. एका संध्याकाळी माझ्या डोळ्यांदेखत एसटी सुटली. मी वह्या काखोटीला मारल्या आणि पळालो. एसटी स्टँडातून बाहेर पडली, वळली, दिसेनाशी झाली. मी आपला पळतोच आहे. तेवढ्यात मागून सरांची लूना आली. नाव विचारलं आणि म्हणाले, "उद्या सकाळी ग्राउंडवर ये."

मला वाटलं, सरांना माझा स्पीड आवडला. वर्षभराने धीर करून विचारलं, तर म्हणाले, "स्पीड कसला रे? स्पीड असता तर एसटी मिळाली असती. गाडी गेली हे कळूनसुद्धा तू पळत होतास. लांब पल्ल्याला असलीच माणसं लागतात."

*

टीमचा खरा हिरो बिरा. कारेगावच्या पलीकडे त्याची वस्ती. त्याचे वडील जन्मभर मेंढरं घेऊन फिरलेले, आम्ही सगळेच त्यांना आप्पा म्हणायचो. पुढे मेंढरं विकून थोडी शेती केली, दहा-बारा मेंढरं तेवढी हौसेनं ठेवली. बिरा लहानपणापासून कळपामागे पळून असा तयार झाला होता, की पाच किलोमीटर पळून आला तरी गप्पा मारायला मोकळा.

आणि हा बिरा प्रत्येक शर्यतीत दुसरा यायचा.

पहिला यायचा दौंडच्या कॉलेजचा इक्बाल. रेल्वे कॉलनीतला पोरगा, उंच, सुरेख पळायचा. इक्बाल पुढे आणि बिरा त्याच्या मागे दोन हातांवर. इक्बालने जोर केला की बिराचा जोर, तो हळू झाला की हाही हळू. शेवटपर्यंत तेवढंच अंतर. एकदा शर्यत संपल्यावर इक्बाल वैतागून म्हणाला, "बिराभाऊ, एक तर पुढं जा, न्हाईतर लांब ऱ्हा. रेल्वेवाल्याचं पोरगं असून मला सारखं वाटतं, आपण विदाऊट तिकीट हाय आन् मागं टीसी लागलाय."

बिरा शांतपणे म्हणाला, "तू लई नीट चालतोस. तुझ्या मागं बरं वाटतं."

*

सरांनी शेवटी बिराला समोर बसवून विचारलं, "दम आहे, पाय आहेत. मग पुढे का जात नाहीस?"

"सर, म्होरं गेलं की काय दिसतच न्हाई."

"रस्ता दिसतो की!"

"रस्ता काय बघायचा? मेंढक्या कळपाच्या मागं चालतो, सर. म्होरं गेलं तर मागं कोन ऱ्हायलं, कोन लंगडलं, कसं कळायचं? जीव लागत न्हाई."

सरांनी यावर उपाय काढला. ते रोज सकाळी बिराच्या पुढे लूना चालवू लागले. लूनामागे बिरा असा पळायचा, की वाटेतले दुधाचे सायकलवाले मागे पडायचे. लूना बंद पडली की बिराही बंद. सर पॅडल मारून ती चालू करेपर्यंत तो मागे उभा राहून वाट बघायचा.

त्या वर्षीच्या स्पर्धा दौंडला होत्या. ट्रॅकवर लूना न्यायला परवानगी मिळणं शक्य नव्हतं. शेवटचा लॅप आला. इक्बाल पुढे, बिरा मागे, नेहमीचंच. सरांना ते बघवेना. शिट्टी फेकून दिली आणि शेवटच्या वळणावर ते स्वतः इक्बालच्या पुढे ट्रॅकवर उतरले. मागे वळून ओरडले, "बिरा, माझ्या मागं ये!"

बिरा आला. इक्बालला बाजूला टाकून सरांच्या पाठोपाठ आला, पण सरांच्या पोटापायी सगळं मुसळ केरात. सर शेवटच्या शंभर मीटरमध्ये दमले आणि त्यांना मागे टाकायचं बिराच्या जिवावर आलं. इक्बाल दोघांच्याही बाजूने निघून गेला. वर पंचांनी बिराला बादच केलं.

सर भांडायला गेले. "मी नियम कुठला मोडला? मी फक्त पळालो."

पंच म्हणाले, "सर, तुम्ही दुसरे आलाय. तुमचा चेस्ट नंबर दाखवा."

*

शेवटच्या वर्षी दिवाळीत आम्ही बिराच्या वस्तीवर जेवायला गेलो. आप्पांनी त्याची शर्यत कधीच पाहिली नव्हती. भाकरी मोडता मोडता ते म्हणाले, "शाळंत व्हता तवापासनं पळतोय ह्यो. दुसरा आला म्हनून गावात काय सांगू? लोक इचारत्यात, पयला कोन आला. औंदा मी बघाया येतो. पयला आलास तर सांगीन गावात. न्हाई आलास तर पळनं बास. कंपन्या आल्यात, कामाला लाग."

आप्पा रागाने बोलले नव्हते, तरी बिराचा घास हातातच राहिला. त्याला मेडलचं वेड नव्हतं. आपल्या बापाने एकदा पारावर बसून आपल्याबद्दल दोन शब्द बोलावेत, एवढंच त्याला पाहिजे होतं. आणि त्यासाठी जे करायला हवं, नेमकं तेच त्याला जमत नव्हतं. परत येताना मलाच रडू यायचं राहिलं होतं.

*

त्या वर्षी स्पर्धा आमच्या कॉलेजकडे होत्या आणि प्राचार्यांनी आमचं ग्राउंड कृषी प्रदर्शनाला देऊन टाकलं. स्पर्धा तोंडावर आणि ट्रॅकवर बैलांचे खुंटे. सर चिडून केबिनमध्ये गेले, तर प्राचार्य म्हणाले, "माने, परदेशात थंडीत इनडोअर स्पर्धा घेतात. आपणही घेऊ."

रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीची नवीकोरी शेड उभी होती, मशिनरी यायची होती. प्राचार्यांच्या ओळखीने ती एका दिवसासाठी मिळाली. नव्या फरशीवर चुन्याची फक्की मारता येईना, म्हणून आम्ही रंगीत चिकटपट्ट्यांनी लंबगोल ट्रॅक आखला. शेड मोठी असली तरी ग्राउंड नव्हे. लॅप एवढा लहान, की जरा पाय मोकळा झाला की वळण आलंच.

दारात वॉचमन तिवारीजी. त्यांनी सगळ्यांना अडवलं. "बिना हेलमेट कोई अंदर नहीं जाएगा."

सर म्हणाले, "अहो, मशीनच नहीं आया है अभी. डोके पे गिरेगा क्या?"

"साहब, नियम पहले आया है. मशीन बाद में आएगा."

कंपनीची पिवळी हेल्मेटं निघाली. प्राचार्य, पंच, पाहुणे सगळ्यांच्या डोक्यावर चढली. आप्पा सकाळीच चालत आले होते. पटका काढायला ते तयार होईनात, मग तिवारीजींनी लाल पटक्यावरच हेल्मेट ठेवलं आणि आप्पा ते एका हाताने धरून उभे राहिले. पळणाऱ्यांना हेल्मेटं पुरेनात. तिवारीजींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "जो खड़ा है उस पर गिरेगा. जो भाग रहा है उसका क्या होगा? जाने दो."

*

पहिली शर्यत मुलींची. लॅप लहान म्हणजे आकडा मोठा, आणि मोजण्यात घोळ व्हायची भीती. सरांनी प्रत्येक मुलीमागे एक मोजणारा बसवला आणि पुढ्यात भाजके शेंगदाणे मोजून दिले. मुलीचा एक लॅप झाला की डाव्या ढिगातला एक दाणा उजव्या ढिगात टाकायचा. डावा ढीग संपला की शर्यत संपली.

आमची शोभा पहिली येणार हे नक्कीच होतं. तिचे दाणे मोजायला स्वतः प्राचार्य बसले, बाजूला पाहुणे, गप्पा रंगलेल्या. शोभा सगळ्यांना मागे टाकून पळत होती. थोड्या वेळाने बाकीच्या मुली एकेक करून थांबल्या, शोभा आपली पळतेच आहे.

सर चक्रावले. सगळ्यात पुढची मुलगी सगळ्यांत उशिरा कशी संपवेल? ते प्राचार्यांजवळ गेले. प्राचार्य डाव्या ढिगातला दाणा तोंडात टाकत होते आणि त्याची भरपाई म्हणून उजव्या ढिगातले चिमूटभर डावीकडे घेत होते.

सर हळूच म्हणाले, "साहेब, तो ढीग झालेल्या लॅपचा आहे. आणि बहुतेक दोन लॅप तुम्ही खाल्लेत."

पंचांनी शोभालाच पहिली ठरवलं, कारण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. शोभा कंबरेवर हात ठेवून धापा टाकत आली आणि म्हणाली, "खारे असते तर मी अजून पळतच असते."

पुढच्या शर्यतीला सरांनी बाहेरून खडी मागवली.

*

पुढची शर्यत मुलांची पाच हजार मीटर. बिराचे खडे मोजायला शोभा बसली. आप्पा तिच्या मागे उभे. मी नेहमीप्रमाणे सगळ्यात मागच्या रांगेत.

शिट्टी झाली. इक्बाल सुटला, त्याच्या मागे दोन हातांवर बिरा. सरांनी कपाळाला हात लावला.

पण लॅप लहान. थोड्याच वेळात पुढच्यांनी मागच्यांना गाठलं आणि रांगेचं रिंगण झालं. इक्बालला पुढे मोकळा रस्ता लागायचा, तो इथे मिळेना. वळणावर दोन ढिम्म गडी त्याच्या आडवे आले, तो "सरका, सरका" करत अडकला. बिरा बाहेरच्या बाजूने सहज निघून गेला. इक्बालला मागे टाकतोय हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याचं लक्ष पुढच्या चौघांकडे. ते चौघे झाले की पुढे आणखी तिघं, ते झाले की पुढे मी. मी गेलो की पुन्हा कुणीतरी होतंच.

मला गाठलं की तो माझ्या पाठीवर हात ठेवायचा, जिभेने टक् टक् करायचा आणि म्हणायचा, "चल गड्या, मागं ऱ्हाऊ नगो." त्याने मला कितीदा गाठलं ते मी मोजलं नाही. दर वेळी बरं मात्र वाटलं.

इकडे आप्पांचा चेहरा पडला होता. ते शोभाला म्हणाले, "पोरी, ह्यो तर समद्यांच्या मागंच दिसतोय."

शोभा खडा टाकत म्हणाली, "आप्पा, तुम्ही फक्त बघा."

शेवटचा खडा पडला. बिराने रेषा ओलांडली, सरांनी हात वर करून आरोळी ठोकली आणि बिरा तसाच पुढे पळत गेला. सर मागे धावले. "थांब, झाली शर्यत!"

"अवं, म्होरं अजून पोरं हायती की."

"ती मागं आहेत तुझ्या! तू पहिला आलास."

बिरा थांबला. त्याने एकदा पुढे बघितलं, एकदा मागे बघितलं. मग तो परत आला आणि रेषेच्या कडेला उभा राहिला. इक्बाल आला, त्याने बिराला मिठी मारली. बाकीचे एकेक येत होते, बिरा प्रत्येकाकडे बघून मेंढरं मोजल्यासारखे ओठ हलवत होता. प्राचार्य मेडल घेऊन ताटकळले, पंच बोलावून थकले, सर त्याचा हात धरून ओढायला लागले. बिरा हलेना.

"थांबा, सर. एक यायचा हाय."

तो एक म्हणजे मी. सगळी शेड उभी राहून माझी वाट बघत होती. मी आलो, रेषा ओलांडली आणि तिथेच बसलो. बिराने मला काखेत हात घालून उठवलं आणि मग तो आप्पांकडे वळला.

आप्पा हेल्मेट धरून पुढे आले. "पयला आलास म्हनत्यात."

"व्हय, आप्पा."

"मागं कुनी ऱ्हायलं न्हाई न्हवं?"

"न्हाई. आली समदी."

आप्पांनी हेल्मेट काढून तिवारीजींच्या हातात दिलं, पटका नीट केला आणि म्हणाले, "मंग सांगतो गावात."