सालप्याच्या घाटात ताईबाईची सायकल

सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्यात गंगाराम ऑइलमन होता. यंत्रांना तेल देणं हे त्याचं काम, आणि ते त्याच्या इतकं अंगात भिनलेलं, की घरच्या दाराची बिजागरीसुद्धा कधी कुरकुरली नाही. त्याच्या काळ्या सायकलचा तर आवाजच नव्हता. ती मागून आलेली कुणाला कळायची नाही, म्हणून लोक दचकून त्याला शिव्या घालत. गंगाराम त्या शिव्या कौतुक म्हणून घ्यायचा.

त्याची बायको ताईबाई अंगणवाडीत शिकवायची. सायकल ती उशिरा, पस्तिशी उलटल्यावर शिकली. साक्षरतेच्या वर्गांसाठी वस्त्यावस्त्यांवर जावं लागायचं, तेव्हा तिनं स्वतःच्या कमाईतून लेडीज सायकल घेतली. पहिल्या महिन्यात ती दोनदा उसात घुसली आणि एकदा कॅनॉलमध्ये पडता पडता वाचली. आता मात्र १९९६ साल उजाडलं होतं आणि ती पदर खोचून अशी झोकात निघायची, की रस्त्यावरची कोंबडी आपणहून बाजूला व्हायची.

हीच सायकल आता जाणार होती. लेक प्रियदर्शनी अकरावीला बारामतीत खोली घेऊन राहणार होती आणि खोलीपासून कॉलेज लांब होतं. तिला आईची सायकल द्यायची हे कुणी ठरवलं नाही, घरात ते धरूनच चाललं होतं. सोमवारी सायकल एसटीच्या टपावर चढणार होती. ताईबाईनंही मान डोलावली होती. आईनं दुसरं काय करायचं असतं?

तिनं फक्त एक मागणं घातलं. ट्रेनिंगला साताऱ्याला जाताना एसटीच्या खिडकीतून तिनं घाट उतरणारा एक दूधवाला पाहिला होता. त्याचे पाय हलत नव्हते आणि सायकल सुसाट पळत होती. कॅनॉलकाठच्या सपाट मुलखात पाय थांबले की थोड्या वेळानं सायकलही थांबते. "सायकल जायच्या आदी मला एकदा घाट उतरायचा हाय," ती म्हणाली.

"मग पुरंदरला जाऊ," गंगाराम म्हणाला. बेत आखायचं काम घरात त्याचंच होतं. शनिवारी त्यानं दोन्ही सायकलींना तेलानं न्हाऊ घातलं, चढावर चेन निसटू नये म्हणून ती आवळली, चढावर दम लागेल म्हणून शेंगदाण्याचे लाडू करायला लावले. चढ, चढ आणि चढ, त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

रविवारी दोघं पहाटेच निघाले. जुलैचा वारा समोरून असा लोटत होता, की पदराचं शीड होऊन ताईबाई मागंच सरकायची. नीरेला चहाच्या टपरीवर पोचले तेव्हा पुरंदरच्या अंगाला आभाळ काळंकुट्ट उतरलं होतं. चहावाला म्हणाला, "तिकडं आज हातभर अंतरावरचं दिसायचं न्हाय." गंगारामनं कपाळाला आठ्या घातल्या.

"मग सालप्याला जाऊ," ताईबाई म्हणाली. दूधवाला तिनं तिथंच पाहिला होता. बेत बदलल्याचं तिला काडीचंही वाईट वाटलं नाही, पण चेहरा तिनं शक्य तेवढा पडलेला ठेवला.

लोणंदला गंगारामची चुलत बहीण रंगूबाई राहायची. गावावरून जायचं आणि तिच्या दारात 'जयभीम' घालायचा नाही, असं होणं शक्य नव्हतं. एक कप चहा घेऊन उठायचं म्हणून दोघं टेकली. रंगूबाईनं चहाआधी कोंबडीच्या मागं पोरं सोडली.

"दादा, जेवल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाय. वयनी, पाय धुवा."

जेवण झालं. रस्सा इतका झणझणीत होता, की गंगारामचा बेत पुन्हा बदलला. भिंतीला पाठ लावून तो म्हणाला, "आता जरा पडू. उन्हं कलली की वारा पाठीशी घेऊन घरला जाऊ. घाट काय, कुठं पळून जातोय व्हय?"

"घाट न्हाय जात," ताईबाई म्हणाली. "सायकल जातीया."

ती चपला घालून अंगणात उभी राहिली. रंगूबाईनं भावाला कोपरानं ढोसलं. गंगाराम ढेकर देत उठला.

घाट चढताना दोघांनीही सायकली हातात धरून ढकलल्या. गंगारामनं एवढी चर्चा केलेला चढ दोघांनी लाडू खात, गप्पा मारत आरामात संपवला. माथ्यावर वारा भन्नाट होता. खाली सगळं हिरवं, मधूनच उन्हाचा एखादा पट्टा शेतांवरून सरकत होता. ताईबाईनं पदर खोचला आणि सवयीनं दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. अंगणवाडीची पोरं कधी चाकापुढं येतील याचा नेम नाही, म्हणून ती ब्रेकची रबरं वेळच्या वेळी बदलायची.

"तुमचं बगा की," ती म्हणाली.

गंगारामनं खाली पाहिलं. त्याच्या सायकलला ब्रेक नव्हते. ब्रेकच्या दांड्या खडखड वाजतात म्हणून त्यानंच त्या कधीकाळी काढून टाकल्या होत्या. सपाट रस्त्यावर थांबायचं झालं की तो पाय टेकायचा. चढाची एवढी तयारी केली आणि चढलेलं उतरावंही लागतं, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"चपलेनं थांबवीन," म्हणत तो निघाला. पहिल्या वळणाच्या आत चपलेचा जळका वास सुटला आणि सायकल कडेच्या चारीत व गंगाराम घाणेरीच्या काटेरी झुडपात गेला. लागलं काही नाही, पण चपलेचा अंगठा तुटला. हसू दाबत ताईबाईनं त्याच्या पाठीतले काटे काढले.

"मी चालत येतो," तो पुटपुटला.

आता खरं तर तिनंही उतरून त्याच्याबरोबर चालायचं. लग्न झाल्यापासून ती त्याच्या मागून चालत आली होती. नवरा तुटकी चप्पल फरफटत चालतोय आणि बायको पुढं सायकलवर, हे कसं दिसलं असतं? ती हँडल धरून घुटमळली. खाली रस्ता वळणं घेत गेला होता, आणि सोमवार उद्याच होता.

"मी फुडं व्हते," ती म्हणाली आणि निघाली.

पाय थांबले आणि सायकल थांबली नाही. वळणावर ब्रेक हळू दाबायचा, वळण सरलं की सोडायचा, हे तिच्या हातांना आपोआप समजलं. वारा कानात भरला होता. पाय स्थिर ठेवून इतक्या वेगानं जाणं हे तिच्या उभ्या आयुष्यात बसत नव्हतं. तिथं कायम काहीतरी ढकलावंच लागलं होतं. ती मोठ्यानं हसली, कुणी नव्हतंच ऐकायला. तिला फार, फार आनंद झाला होता.

पायथ्याला सायकल आपोआप मंदावली. ताईबाई दगडावर बसून राहिली. बऱ्याच वेळानं गंगाराम आला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"समदी वळणं वरनं दिसत व्हती," तो म्हणाला. "मी कायम फुडं असतो. तू चालवताना मला कदी दिसलीच न्हाईस."

"ही सायकल मी देणार न्हाय," ताईबाई म्हणाली. आवाज जरा चढाच निघाला. आपली वस्तू द्यायला नाही म्हणायची तिची ही पहिलीच खेप होती.

"मी तेच म्हननार व्हतो."

"पर आदी मी म्हणले."

"व्हय, तू म्हणलीस," गंगारामनं कबूल केलं. "पोरीला माझी दिऊ. ब्रेक बसवून."

"ती म्हनतच व्हती, तुमची पळती चांगली. आन तुमी?"

गंगाराम इथंही पुढचा विचार न करताच आला होता. त्यानं मान खाजवली. "तुझ्या मागं बसंन."

"कारखान्याच्या गेटावर? समद्यांफुडं?"

"मग काय गेटाच्या अलीकडं उतरून लपू?"

मंगळवारी सकाळी पाळी बदलायच्या गर्दीत ताईबाईची सायकल गेटासमोर येऊन थांबली आणि कॅरेजवरून डबा सावरत गंगाराम उतरला. गेटावरचा वॉचमन तोंडावर हात घेऊन हसला. आणखी दोघं-चौघं हसले. ताईबाईनं कुणाकडं न बघता सायकल वळवली आणि अंगणवाडीच्या रस्त्याला लागली.

"काय गंगारामराव, बायकुच्या मागं?" वॉचमननं विचारलं.

गंगारामची नजर रस्त्यावरच होती. "थांब जरा," तो म्हणाला, "वळणापातूर दिसती ती."